भूल न घेता, नुसत्या सुया टोचून ऑपरेशन – खरंच होतं का? (आई हटून बसलीय)

जुळेकरीण

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाई आहे. आईचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी ठरलंय, दुर्बिणीतून. वय ६१, शुगर नाही, बीपीची एक गोळी. खडे आहेत हे सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं, पण दिवाळीनंतर दोनदा रात्री असं दुखलं की बाईने भिंतीला डोकं टेकून पहाट केली. सर्जन म्हणाले, आता थांबू नका. तारीख मिळाली, दादाने रजा टाकली, आणि परवा जेवताना आईने जाहीर केलं, "मी भूल घेत नाय. सुया लावून करत असतील तर करू द्या, नायतर खडे माझ्या पोटात राहू दे. तुमचं काय जायलंय?"

हे सुयांचं कुठून आलं तेही सांगते. आईने तीस वर्षं विड्या वळल्या. पानं कापायची कैची ज्या हातात धरायची, त्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधला गुबगुबीत भाग कायम ठणकायचा. चहाची कपबशी हातातून सुटायची. दोन वर्षांमागे आमच्या भागातल्या एका ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे तिने दहा-बारा वेळा सुया घेतल्या, त्याच गुबगुबीत जागी, आणि बरं वाटलं. तेव्हापासून त्या बाई म्हणतील ती पूर्व दिशा. तिथेच बाकड्यावर बसलेल्या कुणीतरी तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवलाय. चीनमधली बाई, छाती उघडलेली, डोळे टक्क उघडे, अंगावर सुया.

तर हे खरं आहे का? आपल्याकडे कुणी करतं का? आणि नसेल तर आईला कसं समजवायचं? "थोतांड आहे म्हणून सांगा" असं कृपया लिहू नका. ते करून झालंय. दोन दिवस बोलत नव्हती.

कडक_भाकरी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. सोलापूरची आई आणि मे महिन्यातलं ऊन, दोघांशी वाद घालायचा नसतो. बाकीच्यासाठी जाणकार येतीलच. बसलोय वाचत.

निसर्गवेडा

ताई, शंभर टक्के खरं आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन चीनला गेले होते, तिथे त्यांचं अपेंडिक्स सुयांवर काढलं. त्यांनी स्वतः पेपरात लिहिलं आणि अख्खी अमेरिका हादरली. आपल्याकडे औषध कंपन्या हे पुढे येऊ देत नाहीत. आईंचं ऐका.

शंकासुर

निसर्गवेडा, रेस्टनसाहेबांचा तो लेख मूळातून वाचा हो एकदा. अपेंडिक्स काढलं पेकिंगच्या (आताचं बीजिंग) हॉस्पिटलात, आणि काढताना झायलोकेन-बेन्झोकेनचं इंजेक्शन देऊन पोटाचा भाग बधिर केला होता. त्यांनीच तसं लिहिलंय. सुया आल्या दुसऱ्या रात्री, पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटायला लागलं तेव्हा. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. ऑपरेशन सुयांवर झालं ही गोष्ट पुढे लोकांनी सांगता सांगता तयार केली. पन्नास वर्षं झाली, अजून फिरतेय.

आणि ताई, तो छाती उघडलेला व्हिडिओ बहुतेक २००६ सालचा बीबीसीचा असणार. शांघाय, २१ वर्षांची मुलगी, हृदयाचं ऑपरेशन. त्यात सुयांबरोबर मिडाझोलाम, ड्रोपेरिडॉल आणि फेंटानिल ही तीन औषधं शिरेतून दिलेली होती आणि छातीत बधिर करायची इंजेक्शनं वेगळी. यातलं फेंटानिल म्हणजे मॉर्फिनच्या कितीतरी पट जोरकस. एवढं दिल्यावर सुयांऐवजी मोरपीस लावलं असतं तरी चाललं असतं.

भैय्याचौकी

सोलापुरात बसून हा विषय निघालाय म्हणून राहवत नाही.

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक सगळ्यांना माहीत आहे. चिनी पाहुणे येतात, फुलं वाहतात, फोटो काढतात. कोटणीस १९१० मध्ये इथे जन्मले, १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले त्यात होते. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय ३२. शेवटी शेवटी त्यांना फिट्स यायच्या. चार महिन्यांचा मुलगा मागे होता, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता मुद्दा. आपल्याकडे बरेच जण ठोकून देतात की "ॲक्युपंक्चर भारतात कोटणीसांनी आणलं." नाही ओ. कोटणीस सर्जन होते, हातात चाकू घेऊन जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत होते. सुया आणल्या त्या त्यांच्याच तुकडीतल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तिथे ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावाच्या समितीतर्फे ठिकठिकाणी केंद्रं निघाली, लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चरचं हॉस्पिटलच आहे. म्हणजे नाव सोलापूरचं, सुया बंगालच्या.

योगायोग असा की सुयांवर ऑपरेशन ही कल्पनाही १९५८ चीच. शांघायच्या एका हॉस्पिटलात टॉन्सिल काढले, तिथून सुरुवात. त्याआधीच्या दोन हजार वर्षांत चीनमध्ये सुया दुखण्यावर वापरत, चाकू चालवताना नाही. "प्राचीन चिनी भूल" असं जे म्हणतात ती माओच्या काळातली आहे.

कडक_भाकरी

काका, दंडवत. भैय्या चौकातून रोज जातो, सिग्नलला शिव्या देतो, आत कधी गेलो नाही. रविवारी जातो.

मिलचा_भोंगा

मी घेतलाय अनुभव. मिल चालू होती तेव्हाची गोष्ट, मी पंचविशीत. कुठल्याशा शिबिरात दाढ फुकट काढून देत होते, सुयांवर. (कुणाचं शिबिर ते विचारू नका, बिचारे चांगल्या भावनेने करत होते.) दोन्ही हातांना अंगठ्याजवळ सुया, सुयांना वायरी, वायरी एका खोक्याला. खोकं चालू केलं की अंगठा आपोआप टुकटुक उडायचा. मागात धोटा कसा जातो-येतो, अगदी तसा. वीस मिनिटं तसंच बसवलं. हात जड झाले, खोटं बोलत नाही, जबडाही जरा बोथट वाटला.

मग पक्कड आली. "दुखतंय का?" म्हणून विचारलं. तोंडात पक्कड, मी काय सांगणार? "आं आं" केलं. शेजारी एक पोरगा वहीत लिहून घेत होता, त्याने "नाही" लिहिलं. मी पाहिलं की ओ त्या वहीत! शेवटी खुर्चीचा हात माझ्या हातात आला तेव्हा त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दाढ मिनिटात बाहेर.

वहीत मी अजूनही "नाही"च असणार.

शंकासुर

काका, संशोधनपद्धतीवर याहून चांगला धडा मी वाचलेला नाही.

भूलभुलैय्या

उशीर झाला, दिवसभर ओटीत (ऑपरेशन थिएटरात) होतो. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझी बाजू कुठली ते उघड आहे. तरी सांगतो.

सुयांनी दुखणं अजिबात कमी होत नाही असं मी म्हणणार नाही. पण दुखणं कमी होणं आणि ऑपरेशन सोसणं यात फार अंतर आहे. चिनी सर्जननी स्वतःच तीन अडचणी लिहून ठेवल्यात. दुखणं पूर्ण जात नाही, स्नायू सैल पडत नाहीत, आणि आतडी किंवा पोटातला दुसरा अवयव ओढला की रुग्ण कळवळतो, मळमळतो. म्हणून त्यांनी गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठी, डोक्याची काही ऑपरेशनं अशी पोटाबाहेरची कामं निवडली. रुग्णही निवडून घेतलेले असत, शांत स्वभावाचे, तयारी करून घेतलेले. वर थोडं औषध असायचंच.

आता तुमच्या आईंचं ऑपरेशन बघा. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, म्हणजे आत तंबू उभा राहतो आणि सर्जनला दिसतं. पोटाचे स्नायू जरा जरी ताठ झाले तर तंबू कोसळतो. श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, म्हणून नळी घालून मशीनवर श्वास द्यावा लागतो. मग पिशवी धरून वर ओढायची, म्हणजे वरची तिसरी अडचण नेमकी. जागेपणी, नुसत्या सुयांवर हे शक्य नाही. कुणी "करतो" म्हणालं तर तिथून निघा.

पण तुम्हाला एक विचारतो. आईंना भुलेची भीती आहे म्हणालात. नेमकी कशाची? न उठण्याची? मध्येच जाग येण्याची? सुईची तर नाहीच दिसत. माझ्या अनुभवात "भूल नको" या दोन शब्दांमागे दरवेळी वेगळं काहीतरी निघतं, आणि घरच्यांनी ते विचारलेलंच नसतं.

पाटीलबुवा_मोहोळ

डॉक्टर, पाठीत इंजेक्शन देऊन नाही का होत? माझं हर्नियाचं तसंच झालं. कमरेखाली गायब, वर मी गप्पा मारतोय.

भूलभुलैय्या

हर्निया वेगळा, बुवा. पित्ताच्या पिशवीसाठीही पाठीतून देऊन काही ठिकाणी करतात, पण गॅसमुळे खांदा दुखतो, श्वास कोंडल्यासारखं वाटतं, आणि घाबरणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. तो निर्णय समोर बसून तपासणाऱ्याचा.

सुईवाली

मी ॲक्युपंक्चर करते, कोल्हापूरला. डॉक्टरांशी पूर्ण सहमत. राज्याचा २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे, आमची नोंदणी होते, म्हणून तर आमच्यातल्या लोकांनी जास्त जपून बोलायला हवं. "चीनमध्ये हृदय उघडतात" हा व्हिडिओ दवाखान्यात दाखवू देणं मला पटत नाही. उद्या काही झालं तर सुयाच बदनाम होणार.

पण शंकासुरांचं मोरपीस मान्य नाही. १९७७ मध्ये प्रयोग झाले. सुयांनी दुखणं कमी झालेल्या माणसांना नॅलोक्झोन दिलं, तर परिणाम पुसला गेला. नॅलोक्झोन म्हणजे अफूच्या औषधांचा उतारा. म्हणजे सुया टोचल्यावर शरीर स्वतःचीच अफू सोडतं. पेकिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे दाखवलं की विजेचे ठोके सेकंदाला २ दिले तर एक रसायन सुटतं, १०० दिले तर दुसरं. भोंगाकाकांचं खोकं तेच.

शंकासुर

ताई, १९७८ ची पुढची गोष्ट पण सांगा की. दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं काहीच नसलेलं इंजेक्शन दिलं, काहींना बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंही नॅलोक्झोनने पुसलं गेलं! म्हणजे शरीराची अफू विश्वासानेही सुटते. सुईने सुटली का सुई टोचणाऱ्यावरच्या श्रद्धेने, हे नॅलोक्झोन सांगत नाही. २००५ मध्ये ली आणि अर्न्स्ट या संशोधकांनी सगळे बरे प्रयोग गोळा करून पाहिले. पूर्ण भुलेच्या जोडीला सुया लावून ऑपरेशनमधलं भुलेचं औषध कमी लागतं का, याला पुरावा मिळाला नाही.

सुईवाली

मान्य. ऑपरेशन चालू असताना नाही. पण एका गोष्टीत पुरावा बरा आहे आणि ती कुणी काढलीच नाही: ऑपरेशननंतरची उलटी. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध एक बिंदू आहे, आम्ही त्याला पी-६ म्हणतो. तिथे सुई किंवा नुसता दाब. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच उलटी-मळमळीसाठी हे उपयोगी म्हटलं, आणि जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनीही पुढे खोट्या उपचाराशी तुलना करून ते उचलून धरलं. बोटीच्या प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी बटणाचा मनगटी पट्टा मिळतो ना, तो याच जागेवर बसतो.

शंकासुर

हे मात्र खरं आहे. नाइलाजाने +१.

भैय्याचौकी

अवांतर: भुलेआधी माणसं काय काय करून पाहत होती याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं. हुगळीत जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन १८४५ मध्ये रुग्णांवर तासन् तास हात फिरवून, संमोहित करून ऑपरेशनं करायचा. मोठमोठे अंडवृद्धीचे रोगी. कोलकात्यात त्यासाठी वेगळं हॉस्पिटल मिळालं १८४६ मध्ये. आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं. बिचाऱ्याचं नशीब बघा.

जुळेकरीण

सगळ्यांचे आभार, आणि भूलभुलैय्या, तुमचे विशेष. तुमचा प्रश्न वाचून मला लाज वाटली. सहा दिवस आम्ही तिघं भावंडं आईशी भांडत होतो आणि "नेमकी कशाची भीती?" हे एकानेही विचारलं नव्हतं.

काल रात्री भांडी घासताना विचारलं. आधी "काय नाय" म्हणाली. मग नळ बंद करून सांगितलं. १९९६ ला तिचं पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. शुद्धीवर आल्यापासून रात्रभर उलट्या. पोटावर ताजे टाके, प्रत्येक उबळीला वाटायचं पोट फाटतंय, म्हणून उशी पोटाशी घट्ट आवळून बसलेली. पोटात पाण्याचा घोट नाही तरी उलटी. नर्सने दोनदा चादर बदलली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "तुमचंच काय एवढं नाटक आहे?" बाबा रात्रपाळीला होते. मी आठ वर्षांची, आजीकडे. एवढ्या वर्षांत आईने हे कुणाला सांगितलंच नाही. तिच्या लेखी भूल म्हणजे ती रात्र. सुयांचं एवढंच, की "सुयांनी कधी ओकारी आली नाय मला."

आज भुलेच्या तपासणीला गेलो. भूलतज्ज्ञ बाई होत्या, चाळिशीच्या. आईने सुयांचं काढलं तेव्हा हसल्या नाहीत. त्यांनी चार प्रश्न विचारले. बाई की पुरुष, तंबाखू ओढता का (न ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो म्हणे), आधी ऑपरेशननंतर किंवा प्रवासात उलटी झालीय का, आणि चौथं त्यांनीच भरलं, की नंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागतील. यातलं एकही लागू नसेल तर शंभरात दहा जणांना त्रास होतो, चारही असतील तर ऐंशी. आई म्हणाली, "ओढत नाय, पण मिश्री लावते. तेवढी धरा की." तेव्हा मात्र बाई हसल्या. मिश्री धरली नाही, आजपासून बंद करायला सांगितली. आईचे चारपैकी चार!

म्हणाल्या, तुमच्यासाठी वासाचा गॅस वापरत नाही, सगळी भूल शिरेतून देते, त्यात उलटी कमी होते. वर उलटीची दोन वेगळी इंजेक्शनं. मी भीत भीत त्या पी-६ चं विचारलं. म्हणाल्या, "पट्टा आणा, मीच बांधते. नुकसान काही नाही. सलाईन दुसऱ्या हाताला लावू." सुया मात्र नको म्हणाल्या, ओटीत कुठे अडकायला नकोत.

आई घरी येताना रिक्षात म्हणाली, "या बाईने विचारलं तरी." बुधवारची तारीख कायम.

कडक_भाकरी

च्यायला. डोळ्यात पाणी आणलंत. "तेवढी धरा की" ला मात्र हसलो.

भूलभुलैय्या

बाई चांगल्या आहेत. मी केलं असतं तेच केलंय. सकाळी किती वाजता नंबर आहे ते विचारून घ्या, सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ते त्यांनी सांगितलं असेलच. आणि "चहा म्हणजे पाणीच की" असं आई म्हणतील, तर दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत.

जुळेकरीण

अपडेट. बुधवारी झालं. पाऊण तास. तीन खडे, मोठ्या साबुदाण्याएवढे, डबीत घालून दिलेत. आईने ते शोकेसमध्ये ठेवायचं ठरवलंय, त्यावर वेगळा धागा काढीन.

रिकव्हरीत डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा मनगट चाचपलं. पट्टा जाग्यावर होता. संध्याकाळी एकदा मळमळलं, उशी मागितली आणि पोटाशी धरून बसली, मी तिच्या पाठीवर हात ठेवून. दहा मिनिटं. आलंच नाही. मग म्हणाली, "घे उशी," आणि झोपली. खांदा दुखला दोन दिवस, तो गॅसचा, तुम्ही सांगितला होतात म्हणून घाबरलो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी.

शंकासुर, माहितीय तुम्ही काय विचारणार. शिरेतली भूल, दोन इंजेक्शनं आणि पट्टा, यातलं कशामुळे ते मला माहीत नाही.

शंकासुर

विचारणारच नव्हतो हो. आईंना नमस्कार सांगा.

सुईवाली

छान झालं! पट्टा आता काढून ठेवा, जास्त दिवस घट्ट राहिला तर वळ उठतो. आणि हाताच्या सुया पुन्हा सुरू करायच्या असतील तर टाके सुकल्यावर, सर्जनला विचारून. सुया दरवेळी नव्या, पाकिटातून समोर काढलेल्या आहेत ना ते बघा.

मिलचा_भोंगा

खडे शोकेसमध्ये ठेवा पण चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे माझी दाढ डबीत होती, नातवाने सुपारी म्हणून चावली.

जुळेकरीण

काका!!

पट्टा काढलाय. शेजारच्या काकूंना अक्कलकोटच्या एसटीत उलटी होते म्हणून आईने तो त्यांना दिला, तीन बोटं मोजून कुठे बांधायचा ते स्वतः दाखवलं. काकू जाऊन आल्या. पट्टा काही परत आलेला नाही, आई रोज गॅलरीतून बघतेय.